थर्मल कॅमेरा घेण्याआधी मोजपट्टी घ्या

गेल्या महिन्यात गोव्यातल्या कांदोळीच्या एका हॉटेलातून फोन आला. तिथला मेंटेनन्स सांभाळणारा मुलगा पूर्वी माझ्याकडेच हेल्पर होता. "सर, विमावाल्यांनी थर्मोग्राफीचा, म्हणजे कॅमेऱ्याने उष्णतेचं चित्र काढून तापलेले जोड शोधल्याचा, रिपोर्ट मागितलाय. मालक म्हणतात, दरवर्षी बाहेरच्या माणसाला पैसे देण्यापेक्षा कॅमेराच घेऊन टाकू. कुठला घेऊ?"

मी विचारलं, "तुझ्याकडे मोजपट्टी आहे?"

त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. मी त्याला सांगितलं की हॉटेलातले सगळे बोर्ड, मोटरी आणि मागचा ट्रान्सफॉर्मर फिरून बघ. प्रत्येक ठिकाणी तपासायची सगळ्यांत बारीक वस्तू केवढी आहे आणि तू तिच्यापासून किती लांब उभा राहणार, हे दोन आकडे लिहून आण. मग कॅमेऱ्याचं बोलू.

हा प्रश्न हल्ली मला सोसायट्यांचे चेअरमन विचारतात, वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांतले सुपरवायझर विचारतात, बर्फाच्या कारखान्याचा मालकही विचारतो. बाजारात काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत कॅमेरे आहेत, सगळ्यांच्या डब्यावर तेच जांभळं-केशरी चित्र छापलेलं असतं, आणि एकाच्या किमतीत दुसऱ्याचे वीस का येतात हे दुकानदारालाही नीट सांगता येत नाही. म्हणून थोडं मुळापासून.

चित्र नेमकं कशाचं?

आपल्या डोळ्यांना दिसतो तो प्रकाश म्हणजे एका लांबलचक पट्ट्याचा छोटासा तुकडा. त्याच्या तांबड्या टोकापलीकडेही काही आहे हे विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाला १८०० साली कळलं. लोलकातून पडलेल्या एकेका रंगात तो थर्मामीटर ठेवत गेला. तांबडा संपल्यावर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा आणखी वर गेला. हेच ते अवरक्त किरण. चूल, भिंत, मोटर, माणूस, म्हैस, सगळ्यांतून ते सतत बाहेर पडत असतात. वस्तू जितकी गरम तितके जास्त.

डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या आसपासच्या वस्तूंमधून निघणारे किरण दहा मायक्रॉनच्या आगेमागे सगळ्यांत जोरदार असतात. मेंटेनन्सच्या कामाचे कॅमेरे म्हणूनच साधारण ८ ते १४ मायक्रॉनचा भाग बघतात.

आता किमतीचं कोडं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात कोट्यवधी ठिपके (पिक्सेल) असतात, आणि त्याहून महाग थर्मल कॅमेऱ्यात १६० गुणिले १२०, म्हणजे फक्त १९,२००. कारण इथे प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक अधांतरी टांगलेला सूक्ष्म पत्रा असतो, बारा-सतरा मायक्रॉन रुंदीचा. आपला केससुद्धा त्याहून कितीतरी जाड. समोरून किरण आले की हा पत्रा किंचित तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो, आणि त्यावरून यंत्र तापमानाचा अंदाज करतं. शिवाय साधी काच हे किरण आत सोडत नाही, म्हणून भिंग जर्मेनियम या महागड्या मूलद्रव्याचं करावं लागतं.

"अंदाज" हा शब्द मी मुद्दाम वापरला. कॅमेरा तापमान मोजत नाही. तो किरण मोजतो आणि तापमान हिशेबाने काढतो. हिशेबात चुकीची आकडेवारी घातली तर उत्तरही चुकतं, आणि पडद्यावर ते दशांश चिन्हासकट इतक्या आत्मविश्वासाने झळकतं की माणूस फसतोच. रंगही यंत्राने दिलेले. चित्रातलं लाल म्हणजे धोका असं काही नसतं. त्या चौकटीत जे सगळ्यांत गरम असेल त्याला लाल दिलं जातं. फ्रीजमधल्या भाजीतही लाल टोमॅटो दाखवता येतो, तो पाच अंशांवर असला तरी.

"कोविडमधली गन आहे की आमच्याकडे!"

२०२० साली देवळापासून दारूच्या दुकानापर्यंत सगळीकडे कपाळावर रोखलेली ती गन म्हणजे एकाच ठिपक्याचा थर्मल कॅमेरा. कपाळाची गन तर ताप बघण्यापुरतीच असते. कारखान्यात वापरतात ती गन वेगळी, पण तिलाही ठिपका एकच. तिच्यावर १२:१ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ बारा फुटांवरून ती एक फूट रुंदीच्या वर्तुळाची सरासरी सांगते. तीन मीटरवरून पंचवीस सेंटिमीटर. तिच्यातून निघणारा लाल ठिपका बारीक असतो म्हणून वाटतं की तेवढ्याच जागेचं तापमान येतंय. तो ठिपका फक्त नेम धरायला आहे.

बेअरिंगच्या जवळ जाता येत असेल तर गन उत्तम. पण चाळीस एमसीबींच्या बोर्डात कुठला गरम आहे हे शोधायला गन वापरणं म्हणजे अंधाऱ्या माळ्यावर उदबत्तीच्या उजेडात सुई शोधणं.

टोपभर कढीतली मिरची

कॅमेरा निवडताना सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि दुकानात सगळ्यांत कमी बोलली जाते ती हीच. म्हणून इथे जरा थांबू.

वाटीभर सोलकढीत एक मिरची चुरडली तर जिभेला झोंबते. तीच मिरची टोपभर कढीत टाकली तर कुणाला पत्ताही लागत नाही. कॅमेऱ्याचा प्रत्येक ठिपका ही एक वाटी आहे. त्या ठिपक्यात समोरची जेवढी जागा मावते तेवढ्या जागेची तो सरासरी करतो. तुमचा सैल झालेला स्क्रू शंभर अंशांवर असेल, पण ठिपक्यात त्याच्यासोबत आजूबाजूचा पस्तीस अंशांचा पत्राही मावत असेल, तर उत्तर येईल पंचेचाळीस. तुम्ही म्हणाल, ठीक आहे, आणि दार लावून चहाला जाल.

एका ठिपक्यात किती जागा मावते हे काढायचं गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात भिंगाचा कोन अंशांत दिलेला असतो. त्याला आडव्या ठिपक्यांच्या संख्येने भागा आणि १७.५ ने गुणा. येतं ते उत्तर एका मीटरवर एक ठिपका किती मिलिमीटर व्यापतो त्याचं. अंतर दुप्पट झालं की तेही दुप्पट.

मोबाइलला जोडायच्या किंवा खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी एक घेऊ: १६० ठिपके, ५० अंशांचं रुंद भिंग. एका मीटरवर साधारण साडेपाच मिलिमीटर. बोर्डासमोर अर्ध्या मीटरवर उभे राहिलात तर पावणेतीन. भरवशाचा आकडा हवा असेल तर वस्तूवर निदान तीन गुणिले तीन ठिपके पडावेत असा नियम आहे; म्हणजे आठ मिलिमीटरची वस्तू चालेल. एमसीबीच्या टर्मिनलला हे जेमतेम का होईना, पुरतं. तेव्हा घरातल्या किंवा सोसायटीतल्या बोर्डाला हा कॅमेरा चालतो, आणि तो खेळणं आहे असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

आता हाच कॅमेरा घेऊन हॉटेलमागच्या डीपीखाली, म्हणजे उंचावरच्या ट्रान्सफॉर्मरखाली, उभे राहा. ११ केव्हीचं बुशिंग (तार जिथे ट्रान्सफॉर्मरला जोडतात तो इन्सुलेटर) आणि त्याचा लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) आठ मीटरवर. एक ठिपका झाला चव्वेचाळीस मिलिमीटरचा. तीस मिलिमीटरचा लग एका ठिपक्यालाही पुरत नाही. उरलेल्या जागेत आकाश येतं, आणि निरभ्र आकाश कॅमेऱ्याला कमालीचं थंड दिसतं. जळायला आलेला लग अशा चित्रात अगदी शांत दिसेल.

३२० गुणिले २४० ठिपक्यांचा, २४ अंशांच्या भिंगाचा कॅमेरा घेतला तर एका मीटरवर १.३ मिलिमीटर, आठ मीटरवर साडेदहा. तीस मिलिमीटरच्या लगवर जवळजवळ तीन ठिपके. इथे काम सुरू होतं. त्याच्या वर ६४० गुणिले ४८० चे आहेत. उपकेंद्रात, बंदरातल्या क्रेनवर, उंच शेडमध्ये ज्यांना रोज बघायचंय त्यांच्यासाठी.

रुंद भिंग जवळच्या कामाला आणि अरुंद भिंग लांबच्या कामाला, हे इथूनच कळतं. अरुंद भिंगाचा कॅमेरा घेऊन अडचणीच्या मीटर रूममध्ये गेलात तर एका वेळी बोर्डाचा कोपराच दिसेल. म्हणून मी त्या मुलाला मोजपट्टी घ्यायला सांगितली होती.

तांब्याचा हंडा खोटं बोलतो

आमच्या जुन्या घरात न्हाणीत चुलीवर तांब्याचा हंडा असायचा. बुडाला वर्षांची काजळी, आणि गळ्याला चिंचेने घासून आणलेली लकाकी. समजा, आत साठ अंशांचं पाणी आहे. तांबं उष्णता झटकन पसरवतं, म्हणून बूड आणि गळा दोन्ही साठाच्या आसपासच. कॅमेरा लावा. काजळीचा भाग साठ दाखवेल. लकाकीचा भाग तीसच्या आसपास दाखवेल. हात लावलात तर दोन्हीकडे सारखंच पोळेल.

काळी, खडबडीत, रंगवलेली वस्तू आपली उष्णता मोकळेपणी किरणांत टाकते. चकचकीत धातू ती आत धरून ठेवतो, आणि वर आरशासारखे दुसऱ्यांचे किरण परत फेकतो. या मोकळेपणाला उत्सर्जकता म्हणतात, शून्य ते एक अशी मोजतात. माणसाची त्वचा ०.९८, काळी इन्सुलेशन टेप ०.९५ च्या आसपास, ऑइल पेंट ०.९ च्या वर, पाणी ०.९६. आणि घासलेलं तांबं किंवा ॲल्युमिनियम? ०.०५, फार तर ०.१.

हे मी स्वतः चुकून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या पॅनलचा रिपोर्ट मी केला होता. ॲल्युमिनियमचा चकचकीत बसबार, म्हणजे पॅनलमधली वीज वाहून नेणारी जाड पट्टी, ४२ अंश दाखवत होता, खोलीत ३५ होतं. "समाधानकारक" असं लिहून मी सही ठोकली. पंधरा दिवसांनी तिसऱ्या पाळीत तो जोड गेला आणि सकाळपर्यंत लाइन बंद. नंतर जुनं चित्र पुन्हा उघडून बघितलं. बसबारला लागूनच असलेल्या केबलची काळी स्लीव्ह ८१ अंशांवर होती. चित्र खरं सांगत होतं, मी चुकीच्या जागेवर बोट ठेवलं होतं. हिशेब मांडला तर ०.१ उत्सर्जकतेचा, ९० अंशांवरचा बार ०.९५ च्या सेटिंगवर ४२ च्या आसपासच दिसतो. म्हणजे कॅमेराही आपल्या परीने बरोबर होता.

तेव्हापासून मी धातूवर मोजत नाही. लगशेजारची स्लीव्ह, टेपचा वेढा, रंगवलेला भाग, गंजलेला नट, जे काही मळकं मिळेल त्यावर मोजतो. खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर चढलेला कळंक या एका बाबतीत आपल्या उपयोगी पडतो. शटडाउन मिळालाच तर बारवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून ठेवावा, पुढच्या वेळेसाठी.

कॅमेऱ्यात उत्सर्जकता बदलायची सोय हवीच. काही अगदी स्वस्त यंत्रांत ती नसते किंवा "मॅट", "चमकदार" असे तीन-चार पर्याय असतात. तेवढ्यानेही भागतं, कारण ०.१ असं सेटिंग करून चकचकीत धातूचं खरं तापमान काढता येईल हा भ्रम आहे. एवढ्या खाली गेल्यावर आकडा जरा इकडचा तिकडे झाला की उत्तर पन्नास अंशांनी उडी मारतं.

आणि आरशाची खूण लक्षात ठेवा. चकचकीत पत्र्यावर गरम डाग दिसला की दोन पावलं बाजूला सरका. डागही सरकला तर ते प्रतिबिंब.

"भिंतीच्या आतलं दिसतं ना?"

नाही. सिनेमातला पोलीस भिंतीपलीकडचे चोर बघतो तसं काही होत नाही. कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभाग दिसतो. चिऱ्याच्या भिंतीच्या आतला पाइप गळत असेल आणि त्याचा परिणाम गिलाव्यापर्यंत पोचला असेल, तरच डाग दिसणार. खिडकीच्या काचेतूनही आरपार दिसत नाही. काच आपलंच तापमान दाखवते आणि वर तुमचं प्रतिबिंब. गंमत म्हणजे काळ्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून मात्र बरंचसं दिसतं.

ओलीचं प्रकरण आपल्याकडे मोठं. ओली भिंत थंड दिसते, कारण पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, माठाचंच तत्त्व. पण इथेच गोव्याचा पाऊस आडवा येतो. जुलै-ऑगस्टात हवा आधीच पाण्याने भरलेली असते, भिंतीतलं पाणी उडतच नाही. मग ओली आणि कोरडी भिंत एकाच तापमानाची दिसते. मला भर पावसात "लिकेज शोधा" म्हणून बोलावतात तेव्हा मी आधी दोन दिवस उघाडीची वाट बघा म्हणून सांगतो, नाहीतर खोलीत तासभर पंखा आणि एसी लावून ठेवायला सांगतो. तरीही थंड डाग म्हणजे ओलच असं नाही. मागे बीम असेल, एसीचा झोत लागत असेल. ओल मोजायचं सुईवालं साधं मीटर टोचून खात्री केल्याशिवाय कुणाच्या बाथरूमच्या फरश्या फोडू नयेत.

या कामात फरक अर्ध्या-एक अंशाचा असतो, आणि इथे संवेदनशीलता हा आकडा कामाला येतो. दोन जागांमधला किती बारीक फरक कॅमेऱ्याला ओळखता येतो ते तो सांगतो. ५० मिलिकेल्विन म्हणजे ०.०५ अंश, १०० म्हणजे ०.१ अंश. आकडा जितका लहान तितका चांगला. विजेच्या कामाला १०० सुद्धा चालतो, ओलीला आणि शीतगृहाच्या दाराच्या रबरातून निसटणाऱ्या थंडाव्याला ५० किंवा त्याखालचा हवा.

रिकाम्या हॉटेलात सगळंच थंड

सैल जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट निम्मा तर उष्णता चौथा भाग. चाळीस टक्के लोडवर फक्त सोळा टक्के. म्हणून चाळीस टक्क्यांपेक्षा कमी लोडवर केलेली तपासणी फारशी धरत नाहीत. ऑगस्टात निम्मं हॉटेल बंद असताना काढलेलं सुंदर निळं चित्र डिसेंबरच्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. तरीही बहुतेक जण पावसाळ्यातच बोलावतात, कारण तेव्हा वेळ असतो! मी म्हणतो, नाताळच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी सात वाजता बोलवा, सगळे एसी चालू असताना. आणि क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या यंत्राने) करंट मोजून चित्राशेजारी लिहा. करंट न लिहिलेलं थर्मल चित्र म्हणजे तारीख नसलेला एक्स-रे.

उघड्यावरच्या कामाला दोन शत्रू, ऊन आणि वारा. दिवसभर तापलेला पत्रा आणि बिघडलेला जोड यांतला फरक दुपारी कळत नाही, आणि समुद्रावरून येणारा वारा तापमानातली वाढ निम्म्यावरही आणू शकतो. सूर्य मावळल्यावर, वारा पडल्यावर बघावं. छतावरच्या सोलर पॅनलचं मात्र उलटं: त्यांना ऊन लागतंच. आंतरराष्ट्रीय मानकानुसार निदान ६०० वॅट प्रति चौरस मीटर इतकं ऊन हवं, म्हणजे स्वच्छ दिवसाचा मधला भाग. तेव्हा काम न करणारी सेल काचेवर गरम चौकोन होऊन उमटते. स्वतःची सावली तेवढी पडू देऊ नका.

मग किती गरम म्हणजे वाईट? अमेरिकेतल्या नेटा या विद्युत-चाचणी संस्थेचा तक्ता जगभर वापरतात. एकाच लोडवरच्या दोन सारख्या जोडांत १ ते ३ अंशांचा फरक म्हणजे नजर ठेवा. ४ ते १५ म्हणजे बहुधा दोष आहे. १५ च्या वर म्हणजे ताबडतोब दुरुस्ती. तुलना कशाशी करायची हे बघा: शेजारच्या फेजशी, म्हणजे त्याच थ्री-फेज लाइनीतल्या दुसऱ्या तारेशी. तीन भावंडं एका ताटात जेवताहेत आणि एकालाच घाम फुटलाय, एवढं दिसलं की पुरे. म्हणून कॅमेऱ्याचा आकडा दोन अंश इकडेतिकडे असला तरी बिघडत नाही. बहुतेकांची अचूकता तशीही अधिक-उणे दोन अंश किंवा दोन टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते, एवढीच असते.

माहितीपत्रकातली बाकीची भुरळ

"१२०० अंशांपर्यंत मोजतो" याला भुलू नका. भट्टी नसेल तर उणे वीस ते चारशे पुष्कळ झालं. लहान मोटर, पंप, बोर्ड यांना अडीचशेही पुरतं.

"सुपर रिझोल्यूशन" म्हणून १६० चे ३२० करून दाखवतात. त्यात काही वेळा हाताच्या हलण्याचा उपयोग करून थोडी खरी भर पडते, काही वेळा नुसती रांगोळीच्या ठिपक्यांमध्ये बोटाने रंग पसरवण्याची करामत असते. वरचं गणित करताना सेन्सरचे मूळ ठिपके धरा.

पुष्कळ कॅमेरे सेकंदाला नऊच चित्रं दाखवतात. त्यामागे तांत्रिक कारण नाही. अमेरिकेच्या निर्यात नियमांत नऊ हर्ट्झपर्यंतच्या कॅमेऱ्यांना सवलत आहे, कारण त्याहून वेगवान कॅमेरे लष्करी कामाचे समजले जातात. आपला बसबार कुठे पळून जात नाही, त्यामुळे नऊ चालतात. चालत्या पट्ट्याचे रोलर बघायचे असतील तरच जास्त हवेत.

फोकसबद्दल मात्र मी हट्टी आहे. उत्सर्जकता नंतर संगणकावर बदलता येते, रंग बदलता येतात. अंतर, मोजणीचा टप्पा (किती अंशांपासून किती अंशांपर्यंत) आणि फोकस नंतर बदलता येत नाहीत. धूसर चित्रात गरम बिंदू पसरतो आणि आकडा खाली येतो. स्थिर फोकसचा कॅमेरा जवळच्या कामाला ठीक; लांबचं काम असेल तर हाताने फोकस करायचा घ्या.

आणि चित्र रेडिओमेट्रिक साठवलं जातं का, ते विचारा. म्हणजे प्रत्येक ठिपक्याचं तापमान चित्राबरोबर जपलं जातं. नाहीतर हाती येतो नुसता रंगीत फोटो. त्या दिवशी माझ्याकडे तसा नुसता फोटो असता तर स्लीव्हचे ८१ अंश मला कधीच सापडले नसते.

एक घरगुती गोष्ट. एसी गाडीतून कॅमेरा काढून थेट जूनच्या हवेत आणला की भिंगावर वाफ धरते आणि सगळं चित्र मऊ होतं. पिशवीतच अर्धा तास राहू द्या. मधूनमधून कॅमेरा "टिक" करून क्षणभर गोठतो, तो बिघाड नाही. आतली झडप बंद करून तो स्वतःला ताळ्यावर आणतो.

"स्वस्तातला चालेल की नाही, एवढंच सांगा!"

सोसायटी, लहान हॉटेल, वर्कशॉप, फ्रीजचा मेकॅनिक: खिशातला १६० चा किंवा त्याहून थोडा वरचा, उत्सर्जकता बदलता येणारा, रेडिओमेट्रिक. चालेल. ८० गुणिले ६० चा घेऊ नका, त्यात पैसे जातात आणि उत्साहही. कारखान्याच्या मेंटेनन्सला, जिथे पॅनलही आहेत आणि छताजवळचे डक्टही, ३२० गुणिले २४० च्या खाली उतरू नये. लांबचं काम वर्षातून एकदाच असेल तर त्यासाठी महागडं भिंग विकत घेण्यापेक्षा जाणत्या माणसाला बोलावणं परवडतं. त्याच्याकडे आयएसओ १८४३६-७ (थर्मोग्राफी करणाऱ्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) खालचं प्रमाणपत्र आहे का विचारा, आणि त्याच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे बरोबर येतात का याची तपासणी, कधी झालं तेही. विमा कंपनीला रिपोर्ट द्यायचा तर वर्षाकाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून करून आणलेलं कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र बरं. तुमच्या हेल्परने काढलेली चित्रं विमावाला मान्य करेल की नाही, हे कॅमेरा घेण्यापूर्वी त्यालाच विचारून घ्या. मालकाचं सगळं गणित त्यावर आहे.

दुकानात चहाच्या कपावर सगळेच कॅमेरे सुंदर दिसतात. विक्रेत्याला म्हणा, माझ्या बोर्डापाशी ये. आणि एका पसरट भांड्यात बर्फ आणि पाणी ढवळून त्यावर रोखा, उत्सर्जकता ०.९६ ठेवून शून्याच्या दोन अंश इकडेतिकडे आकडा यायला हवा. कंपन्यांची नावं मी मुद्दाम घेत नाही. दरवर्षी मॉडेल बदलतात, आणि मोजपट्टीचं गणित सगळ्यांना सारखंच.

एक आक्षेप असाही येतो की हात न लावता मोजायचं तर धोका कसला. धोका मोजण्यात नसतो, दार उघडण्यात असतो. लोडवर चालू असलेल्या पॅनलचं झाकण काढताना हातातून एक स्क्रू आत पडला तर जो भडका होतो त्याला कॅमेरा काही करू शकत नाही. झाकण काढणारा माणूस परवानाधारक आणि पुरेशा संरक्षक कपड्यांत असायला हवा, चित्र काढणारा मागे. मोठ्या पॅनलच्या दाराला अवरक्त किरण सोडणारी खास खिडकी बसवून घेता येते. साध्या ॲक्रिलिकच्या झाकणातून मात्र काही दिसत नाही.

कांदोळीच्या मुलाने आठवड्याने यादी आणली. एकोणीस बोर्ड, सगळे हाताच्या अंतरावर, सहा पंप, आणि मागे एक डीपी, आठ मीटरवर. लहान कॅमेरा घ्यायचं ठरलं, डीपीसाठी वर्षातून एकदा बाहेरचा माणूस. परवा रात्री साडेनऊला त्याचा पुन्हा फोन.

"सर, तीन नंबरच्या बोर्डात आतल्या पत्र्यावर मोठा गरम डाग आहे. चौतीस अंश. शटडाउन घेऊ का?"

"बाजूला सरक."

थोडा वेळ फोनवर नुसते पावलांचे आवाज.

"सरकला, सर. तोही सरकला."

"पोट आत घे," मी म्हटलं, "आणि चार नंबरचा बोर्ड बघ."